सदर इसम आजतागायत उडालेला नाही

शिडीच्या तिसऱ्या पायरीवर कुंडलिक धुमाळला घाम फुटायचा, ही गोष्ट अख्ख्या वेल्ह्यात फक्त दोघांना ठाऊक होती. एक स्वतः कुंडलिक आणि दुसरी त्याची बायको साळूबाई. बाकी गावाला तो मोठा भारदस्त गृहस्थ वाटायचा. वाटणारच. मॅट्रिक पास, अंगात कोट आणि सरकारी कचेरीत स्वतःचं टेबल. कचेरी नेमकी कुठली ते मी सांगणार नाही. तिथली दोनचार माणसं अजून पेन्शन खाताहेत, उगाच त्यांच्या घशात घास अडकायला नको.

आता उंचीचं भय वाटलं म्हणून कुणी फासावर देत नाही. पण कुंडलिक राहत होता तोरण्याच्या पायथ्याला. तिथं गुरंसुद्धा कड्यावर चरतात. अशा गावात ‘मला वर चढलं की गरगरतं’ हे सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? म्हणून तो सांगत नव्हता. नुसता जमिनीवर राहत होता.

भानगड केली ती छपरानं. वेल्ह्याचं आभाळ पावसाळ्यात चार महिने खाली मुक्कामाला येतं, म्हणून उन्हाळा सरता सरता घरोघरचा पुरुष छपरावर चढून कौलं चाळतो. म्हणजे सगळी काढायची, फुटकी बाजूला टाकायची आणि बाकीची पुन्हा नीट बसवायची. लग्न झालं त्या वर्षी कुंडलिकनं पंचांग उघडून मुहूर्त नसल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी कमरेत उसण भरली. त्याच्या पुढच्या वर्षी ऑडिट आलं. बरं, माणूस लावावा तर साळूबाईच्या माहेरची रीत आडवी आली. नांदत्या घरावर परका पुरुष चढू द्यायचा नाही, घरधन्यानंच चढायचं. त्या पावसाळ्यात चूल जागा बदलत बदलत शेवटी देवघरात गेली आणि देव फडताळात गेले. एका हातात छत्री धरून साळूबाईनं पिठलं ढवळलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. दिवाळीला मात्र ती माहेरी पांगारवाडीला गेली ती गेलीच.

कुंडलिक आणायला गेला तेव्हा सासऱ्यानं, रखमाजीनं, अंगणातच गाठलं.

“पोरगी नांदाय दिलीया, भिजाय न्हाई,” रखमाजी म्हणाला. “कौलं चाळा, आन् त्याच दिवशी घिऊन जावा.”

घरी येऊन कुंडलिकनं शिडी लावली. तिसऱ्या पायरीपर्यंत गेला, जगाचा थोडा विचार केला आणि उतरला. शिडी पुन्हा जाग्यावर नेऊन ठेवली. त्या रात्री त्यानं एकट्यानं भात खाल्ला, तोही करपलेला, आणि त्याला साळूबाईची इतकी आठवण झाली की तो उठून रिकाम्या चुलीपाशी जाऊन बसला.

अशात माघ महिन्यात वेल्ह्याच्या माळावर लष्कराचं हेलिकाप्टर उतरलं. कुठल्याशा पाहणीला आलेलं, इंजिन तापलं म्हणून जरा टेकलं होतं. पण गावानं असलं यंत्र कधी पाहिलेलं नव्हतं. बाजार उठला, शाळा सुटली, एका बाईनं तव्यावरची भाकर तशीच सोडली. कचेरीतल्या साहेबांनी कुंडलिकला सरकारतर्फे पुढं धाडलं. सरकारतर्फे म्हणजे एक तांब्या ताक देऊन.

पायलट कप्तान उंचापुरा, हसतमुख पंजाबी माणूस होता. ताक पिऊन त्यानं मिशा पुसल्या. कुंडलिकच्या पाठीशी गाव उभं होतं. सरकारी माणसानं अशा वेळी काहीतरी सरकारी विचारायला हवं, एवढंच त्याला सुचलं.

“साब, ये चलाने को पहिले उडने का अनुभव लगता है क्या?”

“कुछ नहीं लगता, बाबूजी,” कप्तान म्हणाला. “अर्ज़ी भेजो, हम सिखा देंगे।” आणि धुरळा उडवून निघून गेला.

संपलं. एवढंच झालं होतं. पण कुंडलिकच्या मागं कचेरीचा पट्टेवाला ज्ञानोबा उभा होता, आणि ज्ञानोबाच्या कानात शिरलेली गोष्ट आजवर कधी वाट चुकलेली नव्हती. दिवे लागायच्या आत सगळ्या वेल्ह्याला कळलं की धुमाळ भाऊसाहेब हेलिकाप्टर चालवणार. बाजाराच्या दिवशी बातमी पांगारवाडीला पोचली. तिकडून रखमाजीचा निरोप आला, की जावई लष्करात जात असला तर कौलांचं राहू द्या, अर्ज गेला की पोरगी धाडतो. त्याच माणसाबरोबर साळूबाईचाही निरोप होता. तो एका शब्दाचा होता. “खरंच?”

कुंडलिकनं रात्रभर विचार केला. शिडीवर माणूस उभा असतो, हेलिकाप्टरात बसलेला असतो. बसल्या माणसाला कशाला गरगरेल? शिवाय त्याला दार असतं, छपराला कुठं दार असतं? सकाळपर्यंत त्याची खात्री पटली की आपण कौलांसाठी नव्हे, आभाळासाठीच जन्मलो आहोत. आणि अर्जच तर करायचा होता. अर्ज गेला की साळू घरी येणार होती. पुढचं पुढं.

शेजारचे आबा मदतीला धावले. आबा भोर संस्थानच्या बँडात बिगूल वाजवायचे. संस्थान विलीन होऊन दहा वर्षं झाली होती, पण आबा अजून विलीन झाले नव्हते. त्यांच्या मते अर्ज ‘श्रीमंत’ या शब्दानं सुरू व्हायला हवा होता आणि शेवटी ‘सेवेसी श्रुत होय’ हवं होतं.

“आबा, लष्कराला इंग्रजीत लिहितात,” कुंडलिक म्हणाला.

“ल्ह्या की इंग्रजीत,” आबा म्हणाले. “पन वाकून ल्ह्या.”

पलीकडची भामाबाई वेगळ्याच कामात होती. तिचा मुलगा मुंबईला गिरणीत होता. ती कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन आली आणि म्हणाली, “जाता जाता तेवढी त्येच्या चाळीच्या गच्चीवर ठिवा. खाली उतराय नगं, तुमास्नी घाई असंल.” कुंडलिकनं बरणी ठेवून घेतली. नाही म्हटलं असतं तर आपल्याला अजून उडता येत नाही, असं उघडपणे म्हणावं लागलं असतं.

अर्ज लिहून झाला. वय, शिक्षण, छाती, सगळं नीट भरलं. अनुभवाच्या ठिकाणी त्यानं प्रामाणिकपणे ‘नाही’ असं लिहिलं आणि रीतीप्रमाणे साहेबांपुढं ठेवला, कारण सरकारी नोकराचा अर्ज साहेबांमार्फतच जायचा.

साहेबांनी तो उलटा सुलटा केला. “धुमाळ, अनुभव नाही म्हणता. त्याचा दाखला कुठाय?”

“साहेब, जे नाही त्याचा दाखला कसा आणायचा?”

“मागच्या महिन्यात त्या म्हाताऱ्या भागूबाईकडून, तुला दुसरी जमीन नाही याचा दाखला आण, असं कुणी सांगितलं होतं?”

कुंडलिकनंच सांगितलं होतं. आणि तिनं आणल्यावर, त्यावर तारीख नाही म्हणून परतही पाठवलं होतं. आजवर त्याच्या टेबलावरून एकही अर्ज पहिल्या खेपेला पुढं सरकला नव्हता, याचा त्याला अभिमान होता. आता तो अभिमान कोटाच्या कॉलरीसारखा मानेला घासू लागला. पण नियम त्याचाच होता, बोलणार कुणाला?

मग पंचनामा करायचं ठरलं. कुंडलिकनं स्वतःच्या सुंदर अक्षरात मसुदा केला. ‘आम्ही खाली सह्या करणार पंच सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर इसम आजतागायत उडालेला नाही.’ कचेरीच्या ओट्यावर पंच जमले. आबा होते, ज्ञानोबा होता, दुकानदार सावळाराम होता. एक पंच कमी पडला म्हणून रस्त्यानं मेंढरं घेऊन चाललेल्या गेनबा धनगराला हाक मारली. गेनबा वरच्या वाडीचा, कुंडलिकच्या बापाच्या वयाचा. काठी टेकून त्यानं सगळा मसुदा ऐकून घेतला.

“म्या न्हाई अंगठा देनार,” गेनबा म्हणाला. “म्या ह्येला उडताना बगितलाय.”

ज्ञानोबानं अंगठ्यासाठी उघडलेली शाईची डबी पुन्हा मिटली.

“ल्हान हुता तवा,” गेनबा सांगू लागला. “वड्याकाठच्या जांभळीवर चढला, फांदी मोडली, आन् आला की खाली. मदी कशालाबी धरलं न्हवतं ह्येनं. मंग मदी कुटं हुता ह्यो? हवंतच की.”

“अरं, ते पडनं,” ज्ञानोबा म्हणाला. “पडनं येगळं, उडनं येगळं.”

“खाली पोचस्तवर कसं वळकायचं?” गेनबानं विचारलं.

सावळारामनं पाखरांचा दाखला दिला, आबांनी संस्थानच्या तोफेच्या गोळ्याचा दिला. दुपार टळली तरी वाद मिटेना. मेंढरांनी तेवढ्यात कचेरीपुढची तुळस खाल्ली. मधोमध कुंडलिक बसून होता. त्याला ती जांभळीची फांदी पुन्हा मोडताना ऐकू येत होती. त्या दिवसापासूनच तर हे गरगरणं लागलं होतं, आणि ते सगळं गाव आज हसत हसत चघळत होतं.

साहेबांनी निर्णय दिला. एका पंचाची हरकत आहे, तेव्हा ‘अनुभव नाही’ हे सिद्ध होत नाही. आता अनुभव असल्याचाच दाखला आणा.

“साहेब, मी कुठं उडू?”

“तो अर्जदाराचा प्रश्न आहे,” साहेब म्हणाले. हे वाक्यही कुंडलिकचंच होतं.

तोड काढली ती रखमाजीनं. जावयाचा अर्ज अडलाय कळताच तो भल्या सकाळी हजर झाला, पटका नीट बसवून.

“एवढ्यासाटी अडून ऱ्हायलाय व्हय? आमच्यात चैतात बगाड असतंय. तुमी बसा बगाडाला. चांगलं झाडाच्या शेंड्याएवढं वर जाताय, पाच फेरं हुत्याती. पाटलाच्या सहीचा दाखला देतो. आन् साळूला तितनंच घिऊन जावा. ती कौलं मंग सवडीनं बगा.”

कुंडलिकच्या पाचावर धारण बसली. पण ‘साळूला तिथनंच घेऊन जावा’ हे शब्द कानात राहिले. तो बरं म्हणाला.

पांगारवाडीचं बगाड म्हणजे भैरोबाच्या देवळापुढं रोवलेला उंच खांब आणि त्याच्या माथ्यावर फिरतं आडवं लाकूड. लाकडाच्या एका टोकाला माणूस कमरेला आणि छातीला फडकी बांधून लटकवायचा, दुसऱ्या टोकाचे दोर खाली गड्यांनी धरायचे आणि खांबाभोवती पळायचं. पूर्वी म्हणे पाठीत गळ टोचायचे, सरकारनं ते बंद केलं. हे ऐकून कुंडलिकला आयुष्यात पहिल्यांदाच एका सरकारी हुकमाबद्दल मनापासून प्रेम वाटलं. बसायला देवाची परवानगी लागायची. गुरवानं मूर्तीला दोन बाजूंना पाकळ्या लावल्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, आणि सगळे डोळे लावून बसले. कुंडलिकनं मनातल्या मनात भैरोबाला डावी पाकळी टाकायची विनंती केली. भैरोबानं उजवी टाकली. त्याच्याकडं दाखल्याबिखल्याची भानगड नव्हती.

यात्रेच्या सकाळी अंघोळ करून कुंडलिक ओल्या धोतरानं गोठ्यामागं जरा एकटा उभा राहिला. तिथं साळूबाई आली. सहा महिन्यांनी दोघं समोरासमोर आली होती.

“अवं, न्हाई म्हणा,” ती हळू आवाजात म्हणाली. “म्या सांगते बाबास्नी. शिडीवर घाम फुटतोय तुमास्नी, आन् ह्ये काय डोस्क्यात घेतलंय?”

“हेलिकाप्टरात बसायचं असतं, साळू. बसल्यावर गरगरत नाही.”

“हितं बसायचं न्हाई. लटकायचं हाय.”

मग कुंडलिकनं खरं सांगून टाकलं. “तुझ्याशिवाय घरात पाय ठेववत नाही मला. कौलांवर चढलो असतो तर बरं झालं असतं. नाही चढवलं. आता हे तरी करू दे.”

साळूबाईनं पदरानं डोळे टिपले आणि लगेच रागानं म्हणाली, “मंग डोळं मिटू नगा. मिटलं की जास्ती फिरतं. म्या पिंपळाच्या पारावर हुबी ऱ्हाते. दर फेऱ्याला माज्याकडं बगा, दुसरं कायबी बगू नगा.”

वाजंत्री वाजली. कुंडलिकला फडक्यांनी करकचून आवळलं आणि ‘भैरोबाच्या नावानं चांगभलं’ म्हणत गाव दोरांवर झोंबलं. पायाखालची जमीन सुटली. पहिल्या फेऱ्यात त्याला पोटाच्या जागी फक्त जांभळीची फांदी जाणवत होती. देवळाचा कळस शेजारून गेला. खालचे पटके भोपळ्याएवढे झाले, मग लिंबाएवढे. आणि मग पार आला, पारावर हिरवं लुगडं आलं. साळूबाई मान वर करून टक लावून बघत होती. दुसऱ्या फेऱ्यात तो कळस, झाडं, डोंगर सगळं सोडून देऊन फक्त त्या हिरव्या लुगड्याची वाट बघत राहिला. तिसऱ्यात त्याच्या लक्षात आलं की आपण श्वास घेतोय. चौथ्यात त्यानं हात हलवला.

पाचव्या फेऱ्याला डोंगराआडून घरघर आली. तेच हेलिकाप्टर. खाली एवढी गर्दी आणि आभाळात माणूस फिरतोय हे बघून कप्तान बघायला वळला असणार. दोर धरलेले गडी माना वर करून आभाळाकडं बघू लागले, पण पाय थांबवायचं कुणालाच सुचेना. पाच फेरे संपले, पुढचे सुरू झाले, मोजणाराही वरच बघत होता. गुरव ओरडत होता, “आरं, देवाचं झालं, आता थांबा,” पण घरघरीत ते कुणाला ऐकू येणार? मधल्या एका फेऱ्यात कुंडलिक आणि कप्तान अगदी समोरासमोर आले. मधे जेमतेम एका वावराएवढं अंतर. कप्तानानं डोळे चोळले. कुंडलिकनं लटकत्या लटकत्याच सरकारतर्फे नमस्कार केला.

हेलिकाप्टर रिकाम्या वावरात उतरलं. कुंडलिकलाही उतरवलं. तोंडावरचं हसू काही केल्या जाईना. कप्तान गर्दीतून वाट काढत आला.

“अरे, ताकवाले बाबूजी! आप?”

कुंडलिकनं अर्जाची हकिकत सांगितली. अनुभव नसल्याचा दाखला, पंचनामा, जांभूळ, सगळं. कप्तान पोट धरून हसला आणि म्हणाला, “बाबूजी, वो तो मैंने हँसी में कह दिया था।”

पुढं उभ्या असलेल्या रखमाजीला हिंदी पुरती येत नव्हती, पण ‘हँसी’ त्याला बरोबर कळलं. त्याच्या भुवया जवळ आल्या. मागं ज्ञानोबा होता, सगळी पांगारवाडी होती आणि बगाड बघायला आलेलं अर्धं वेल्हं होतं. कुंडलिकचा चेहरा पडला. इतकं सगळं करून शेवटी आपण गंमतच ठरलो, असं त्याला वाटलं.

कप्तानाची नजर मात्र बगाडावर खिळली होती. “ये बहुत बढ़िया चीज़ है। मैं भी चढ़ूँगा,” तो म्हणाला आणि तरातरा खांबापाशी गेला. वरच्या टोकाकडं बघितलं. फडकी हातात घेऊन ताणून बघितली. मग त्याचा आवाज जरा उतरला. “न दरवाज़ा, न सीट... इसके लिए पहले का तजुर्बा तो लगता होगा?”

कुंडलिकनं धोतराचा सोगा सावरला. अंगात कोट नव्हता, पण असल्यासारखा ताठ झाला.

“कुछ नहीं लगता, साब,” तो म्हणाला. “अर्जी भेजो, हम सिखा देंगे.”

ज्ञानोबानं तिथल्या तिथं त्याचं मराठी केलं, आणि गाव हसत सुटलं. कप्तानही हसला, घाम पुसला, घड्याळाकडं बघून उशीर झाल्याचं म्हणाला आणि ताक न पिताच उडाला.

“एवडं यंत्र चालवतोय,” रखमाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “पन आमच्या जावयाच्या जाग्याला बसाय भ्याला.” त्यानं कुंडलिकच्या डोक्याला स्वतःच्या हातानं पटका बांधला. पाटलानं दाखला लिहायला घेतला, तेव्हा कुंडलिकनंच त्याचा हात धरला. “राहू द्या पाटील, आता नको.”

संध्याकाळच्या बैलगाडीनं साळूबाई वेल्ह्याला आली. कचेरीत कुंडलिकनं आपला अर्ज परत मागून घेतला आणि त्यावर स्वतःच शेरा मारला, ‘अर्जदारास घरचे काम निघाल्याने दप्तरदाखल.’ भामाबाईची बरणी तिला परत केली. मुंबईला वारा उलटा असतो, असं तिला सांगावं लागलं. म्हाताऱ्या भागूबाईचा अर्ज तारखेशिवायच पुढं सरकवला, आणि त्याला काही झालं नाही.

वैशाखात त्यानं शिडी लावली. खाली आबा शिडी धरून, अंगणात साळूबाई मान वर करून. तिसऱ्या पायरीवर घाम फुटला, तो फुटू दिला. तिच्याकडं बघत बघत तो छपरावर पोचला आणि दुपारपर्यंत कौलं चाळत राहिला. तेवढ्यात कुठंतरी लांब घरघर झाली. आबांनी संस्थानी शिस्तीत दोन्ही हात सोडून आभाळाला सलाम ठोकला. शिडी आडवी झाली आणि गोठ्याच्या दगडांवर पडून मधोमध मोडली.

बाकीच्या शिड्या घरोघरी छपरांना लागलेल्या, मोकळी तेवढी सावळारामच्या दुकानात कुलूपबंद होती, आणि सावळाराम भोरहून संध्याकाळच्या एसटीनं येणार होता. कुंडलिक छपरावर अडकला. खाली हां हां म्हणता गर्दी जमली, सल्ले सुरू झाले. गेनबा काठी टेकून म्हणाला, “उडी टाक, तुला सवं हाय.” कुंडलिकनं खाली बघितलं. गरगरलं नाही असं नाही, थोडं गरगरलं. पण त्याला तिथं बसवेना असंही झालं नाही.

चुलीच्या बरोबर वर एक जागा अजून उघडी होती. तिथून धूर येत होता. थोड्या वेळानं धुराबरोबर एक हात वर आला, बांगड्यांसकट, आणि हातात चहाची कपबशी.

“सांडू नगा,” आतून, पाटांच्या चळतीवर उभी राहिलेली साळूबाई म्हणाली. “खाली सारवलंय.”

कुंडलिकनं कप घेतला आणि पालथं पडून आत डोकावला. चूल आपल्या जुन्या जागी आली होती, देव देव्हाऱ्यात बसले होते, आणि साळूबाई वर बघून हसत होती. त्यानं चहा पिऊन कप खाली दिला, मग उगाचच आणखी एक मागितला. संध्याकाळपर्यंत सगळं छप्पर झालं. ती एक जागा त्यानं सगळ्यात शेवटी झाकली.